अपन्हुती आणि पुट्टी

मागच्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी आमच्याकडे आले. हातात वहीतून फाडलेला कागद होता. घर विकायला काढले आहे, वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्यायची आहे, तेव्हा "सर, मॅडम, तुम्ही दोघंबी मराठीचे, एवढे चार शब्द सजवून द्या," अशी त्यांची विनंती होती. (ज्या परभणीत १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, त्या परभणीत मराठीच्या अध्यापकांकडे लोक प्रामुख्याने दोनच गोष्टी मागायला येतात: लग्नपत्रिकेचा मजकूर आणि जाहिरातीचा. असो.) कागदावर विशेषणांची यादी होती. प्रशस्त, हवेशीर, पूर्वाभिमुख, वास्तुशास्त्रानुसार, मोक्याच्या ठिकाणी, मुबलक पाणी.

हे घर आम्हांला चांगले ठाऊक आहे. २०१७ साली ते आम्हीच गुरुजींना विकले होते.

त्यामुळे पुढे जे लिहीत आहोत ते कोणा परक्या लबाडाविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. वडिलांनी ते घर १९८७ मध्ये बांधले. त्यांच्या पश्चात ते विकायचे ठरले, तेव्हा एका मध्यस्थाने आम्हांला घर दाखवण्याचे शास्त्र शिकवले. "सर, घर दाखवायचं म्हणजे पोरगी दाखवल्यावानी असतंय," हे त्याचे पहिले सूत्र. दुसरे असे, की गिऱ्हाईक भिंत बघत नसतंय, रंग बघतंय. त्याच्या सांगण्यावरून आम्ही भिंतींना पुट्टी भरली, फिका पिवळा रंग दिला, स्वयंपाकघरातल्या ओलीवर पांढऱ्या फरश्या चिकटवल्या आणि दिवाळीच्या तोंडावर घर दाखवायला काढले. दिवाळीच का, हे तेव्हा आम्हांला कळले नव्हते. किंवा कळूनही आम्ही विचारले नाही. आज हे दुसरेच खरे वाटते.

परभणी जिल्ह्याचा बराच भाग खोल काळ्या मातीवर वसलेला आहे. बेसॉल्टच्या खडकापासून झालेली ही माती कापसाला जितकी मायाळू, तितकीच घराला वैरीण. पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जोत्याखालीही तेच चालते. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल, तर घर दरवर्षी किंचित वर उचलले जाते आणि किंचित खाली बसते. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. मे महिन्यात त्या रुंदावतात, आणि पावसाळा सरता सरता मिटत येतात. म्हणजे आश्विन-कार्तिकात या जिल्ह्यातले घर वर्षातले सर्वांत निरोगी असते. त्याच दिवसांत बोअरलाही पाणी असते. मोटर सुरू केली की धार पडते, पाहणाऱ्याचा चेहरा खुलतो. तीच मोटर चैत्रात सुरू केली तर नुसती घरघरते. मध्यस्थाला ऋतुचक्र आमच्यापेक्षा चांगले कळत होते. आम्ही मात्र ऋतुवर्णने शिकवीत होतो!

अलंकार शिकवताना अपन्हुती हा प्रकार आम्ही दरवर्षी फळ्यावर मांडतो. उपमेयाचा निषेध करायचा आणि ते उपमानच आहे असे ठासून सांगायचे. हे मुख नव्हेच, हा चंद्र. काव्यात ही लबाडी लोभस असते, कारण ऐकणाऱ्याला मुख दिसत असते. निषेध कशाचा चालला आहे ते त्याला ठाऊक असते, आणि कवीला हे माहीत आहे हेही त्याला ठाऊक असते. पुट्टीच्या अपन्हुतीत भेग ठाऊक असते ती एकट्या विकणाऱ्याला. घेणाऱ्यापुढे उपमेय येतच नाही. तो केवळ चंद्र पाहून इसार देतो. जाहिरातीच्या भाषेला काव्याची धाकटी बहीण म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

घर विकण्यापूर्वी ते नटवावे, हा उपदेश आता सर्वत्र ऐकू येतो. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून हा रीतसर व्यवसाय झाला. आपल्याकडेही वर्तमानपत्रांच्या मालमत्ताविषयक पुरवण्यांनी तो घरोघर पोचवला. जड सामान हलवा, दिवे वाढवा, फुले ठेवा, भिंतींवरची कौटुंबिक छायाचित्रे काढा. शेवटच्या सूचनेमागचे कारण मोठे निरागस दिसते. येणाऱ्याला त्या घरात स्वतःचा संसार कल्पिता यावा! परंतु ही सूचना आपल्या मुलखात आली की तिचे काय होते, ते एका सहकाऱ्याच्या बैठकीत आम्ही पाहिले. मध्यस्थाने त्यांना भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर "दाखवण्यापुरती" उतरवायला सांगितले. "घर चांगलं हाय सर, पर गिऱ्हाईक दारातूनच माघारी जायलंय." दुसऱ्या एका वस्तीत कुराणातील आयतीची चौकट उतरवण्याचा असाच सल्ला दिला गेला. उलट काही घरांत विकणाऱ्याची श्रद्धा असो नसो, दारावर गणपतीची फरशी बसवली जाते, कारण तिने भाव चढतो. वैयक्तिक खुणा पुसा असे परदेशी तज्ज्ञ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात नातवंडांचे फोटो असतात. इथे पुसायची असते ती माणसाची ओळख. आमच्या सहकाऱ्यांनी तसबीर उतरवली नाही. घर आठ महिने पडून राहिले आणि अपेक्षेपेक्षा कमी किमतीत गेले. हा तोटा त्यांनी का सोसावा, याचे उत्तर नटवण्याच्या शास्त्रात आम्हांला कुठे सापडले नाही.

या सर्वाला एक प्रतिष्ठित उत्तर असते. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत! बाजार हा बाजार आहे, लग्न नव्हे. (मघाशी मात्र ते पोरगी दाखवण्यासारखे होते.) आमचे म्हणणे असे, की हा देशाचा कायदादेखील नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. त्याच्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याने सामान्य काळजी घेऊनही ज्याचा शोध लागणार नाही असा मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला महत्त्वाचा दोष उघड करणे, हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. उलट ठरले नसेल तर ते त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि असा दोष न सांगणे हे कपट होय, असे त्याच कलमाच्या अखेरीस स्पष्ट म्हटले आहे. आता पुट्टीचे काम नेमके काय असते? सामान्य काळजीने दिसणारा दोष तिच्यामुळे सामान्य काळजीने न दिसणारा होतो. रंगाऱ्याला आपण मजुरी देतो ती एका अर्थाने स्वतःवर कायद्याची जबाबदारी ओढवून घेण्यासाठी! आणि हे केवळ भिंतीपुरते नाही. गुंठेवारीतला भूखंड नियमित झालेला आहे की नाही, हे न सांगता झुंबर लावणारेही याच पंक्तीत बसतात. २००१ चा गुंठेवारीचा कायदा आणि २०२१ ची त्याची दुरुस्ती यांतून वाट निघू शकते, हे खरे. पण ज्याला अडचणच सांगितलेली नाही तो वाट कशी शोधणार?

'सगळेच करतात' हे दुसरे उत्तर. याचा समाचार अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच घेतला आहे. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखवले, की चांगली वस्तू आणि भिकार वस्तू बाहेरून सारख्याच दिसू लागल्या, की घेणारा दोन्हींना मधला भाव देऊ लागतो. मग चांगल्या वस्तूचा मालक बाजारातून उठून जातो आणि बाजारात भिकार तेवढे उरते. २००१ साली त्यांना नोबेल मिळाले ते अशाच कामासाठी. आमच्या गल्लीत हे रोज दिसते. ज्याने मुरुमापर्यंत खणून पाया भरला, जोत्याला काँक्रीटचा पट्टा घातला, घराभोवती पाणी मुरू नये म्हणून फरसबंदी केली, त्याचे घर आणि ज्याने काल पुट्टी भरली त्याचे घर, कार्तिकात एकाच रंगाचे दिसते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया कित्येक दशकांपूर्वी विकसित केला. तो घालणाऱ्याला जादा खर्चाचा मोबदला विकताना मिळत नाही, कारण पाया दाखवता येत नाही आणि रंग दाखवता येतो. मग पाया कोण घालील?

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, याची एक आठवण मराठवाड्याच्या अंगावर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद कोसळून गेली. तशा भिंती आमच्या जिल्ह्याच्या जुन्या गावठाणांत अजून उभ्या आहेत. त्यांवर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा फासून, वर रंग देऊन 'पक्के बांधकाम' म्हणून दाखवलेली घरे आम्ही पाहिली आहेत. दगड-मातीची भिंत दगड-मातीची म्हणून विकली, तर घेणारा ती बांधून घेईल, पाडील, किंवा निदान माळवदावरची माती कमी करील. पक्की म्हणून विकली, तर तो तिच्यावर आणखी एक मजला चढवील.

घर झाडूनपुसून दाखवू नये, असे आमचे म्हणणे नाही, हे सांगायला हवे. नाहीतर आम्हांला धुळीचे कैवारी ठरवले जाईल. पाहुणा येणार म्हणून सडा घालणे, रांगोळी काढणे ही आपली जुनी रीत आहे आणि तिच्यात कपट नाही. गळका नळ बदलावा, मोडकी कडी बसवावी, चुना द्यावा. आमची कसोटी साधी आहे. हेच घर आपल्याला आणखी दहा वर्षे राहायचे असते, तर हे काम आपण असेच केले असते का? ओल मुरते कुठून ते शोधून गच्ची दुरुस्त केली असती, की तिच्यावर फरशी चिकटवली असती? आम्ही २०१७ साली ओलीवर फरशी चिकटवली. दहा वर्षे राहायचे असते तर चिकटवली नसती.

गुरुजींनी ते घर निवृत्तीच्या पैशांतून घेतले. २०१८ च्या मे महिन्यात ते आमच्याकडे आले होते. भांडायला नाही. बैठकीच्या खिडकीपासून छतापर्यंत गेलेल्या भेगेचे माप त्यांनी सुतळीने घेऊन आणले होते आणि ती सुतळी मेजावर ठेवून ते एवढेच म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या वेळी केवढी होती?" सुतळीकडे पाहून आम्ही सांगितले, की जवळजवळ एवढीच. खोटे बोलण्याची तेव्हा लाज वाटली. सहा महिन्यांपूर्वी गप्प राहण्याची वाटली नव्हती.

आता तेच घर ते दुसऱ्या कुणाला विकणार. मुलगा पुण्यात आहे, जिने चढवत नाहीत. मध्यस्थ बदलला आहे, सल्ला तोच आहे, आणि या खेपेला सजावटीचे काम आमच्या वाट्याला आले. त्यांच्या कागदावरच्या विशेषणांवर आम्ही रेघ मारली आणि खाली लिहिले: १९८७ चे बांधकाम, तीन खोल्या, पाया काळ्या मातीत, बैठकीच्या खिडकीवर तिरपी भेग, उन्हाळ्यात रुंदावते. बोअरला होळीपर्यंत पाणी. स्वयंपाकघराच्या पश्चिम भिंतीला ओल, वरून फरशी. कागदपत्रे स्वच्छ. अभियंत्याचे दुरुस्तीचे अंदाजपत्रक पाहायला मिळेल. घर वैशाखात येऊन पाहावे.

गुरुजींनी ते दोनदा वाचले. "शुद्धलेखन बरोबर हाय," म्हणाले. "पर असं लिहिल्यावर येणार कोण?"

अंदाजपत्रक त्यांनी सोबत आणलेच होते. आम्ही तिघांनी बसून बेरीज केली. खिडकीची भेग आणि फरशीमागची ओल या दोन बाबींचे पैसे आम्ही देतो, म्हणालो. त्या आमच्या आहेत. त्यावर ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी घालून त्यांनी ती वरच्या खिशात ठेवली, चष्मा पुसला आणि चहात साखर जरा कमी टाका म्हणाले.