लिंक ठेवायची की कापायची, हे आधी ठरवा

पावसाळा सरत आला की खरवई आणि बदलापूर एमआयडीसीच्या आसपासच्या गॅरेजांत एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात: खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून खडखड वाजतं. काटई-कर्जत रस्त्यावर चार महिने चाललेल्या गाडीची स्टॅबिलायझर लिंक हाताने हलवून पाहिली, की बॉल सैल झाल्याचं लगेच कळतं. दोष मिनिटांत सापडतो, पण लिंक काढायला अख्खी दुपार जाते. शेवटी आटे मारलेले, बूट फाटलेला, कारागिराची बोटं सोललेली, आणि ग्राहक दारात उभा. हे टाळता येतं. त्यासाठी पाना लावण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: ही लिंक परत बसवायची आहे, की फेकायची आहे?

आपल्याकडच्या अनेक उस्तादांचा हात मारुती 800 वर बसला. 1983 साली आलेल्या त्या गाडीत स्टॅबिलायझर बार थेट लोअर आर्ममध्ये जायचा, वेगळी लिंक नव्हतीच. बॉलवाली लिंक पुढच्या गाड्यांबरोबर आली आणि तिची खोड वेगळी निघाली. नट सोडवायला जावं तर आतला बॉल फिरतो, स्टड नटाबरोबर गरगरतो आणि नट जागचा हलत नाही. म्हणून स्टडच्या टोकाला अ‍ॅलन कीचं भोक असतं, किंवा बुटाच्या मागे पाना धरायला सपाट कडा असतात. नेमकं ते भोक आपल्याकडे चिखलाने भरून सुकलेलं असतं. कॅनडा-अमेरिकेतल्या कारागिरांचे व्हिडिओ पाहून आपली मुलं शिकतात, हे चांगलंच आहे; पण तिथला गंज हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा असतो. आपला गंज सततच्या ओलीचा, आणि त्यावर मातीचा थर. जुलै 2019 आणि 2021 च्या पुरांत उल्हास नदीच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे आटे तर आणखी हट्टी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे नट आतूनच आवळला जातो.

शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलायचा आहे आणि लिंक ठीक आहे, तर ती ठेवायची आहे. मग घाई नको. दोन्ही पुढची चाकं सारखी उचला आणि गाडी स्टँडवर ठेवा. एकच चाक उचललं तर बार पिळलेला राहतो, त्याचा सगळा ताण लिंकवर येतो आणि सुटलेला नटही अडकल्यासारखा वाटतो. नटाबाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. नट त्याच वाटेने बाहेर येणार आहे. भोकातली माती टोच्याने पूर्ण काढा, अ‍ॅलन की हातोडीने हलकेच ठोकून तळापर्यंत बसवा. अर्धवट बसलेली की भोकाच्या कडा गोल करते, आणि नटाबरोबर फिरणाऱ्या स्टडला धरून ठेवायला मग काही उरत नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारून गाडी तशीच उभी राहू द्या, तोवर दुसरं काम हाती घ्या. नंतर रिंग पान्याने नट थोडा सोडवा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडवा. असा मागेपुढे केला की गंजाचा भुगा आट्यांतून बाहेर पडतो.

लिंक खराबच असेल, तर तिच्यावर एवढी माया करायची गरज नाही. अ‍ॅलन की एकदा घसरली की थांबा. बूट कापून काढा, आतल्या स्टडची मान वाइस ग्रिपने घट्ट पकडा, बहुतेक वेळा तेवढ्याने नट सुटतो. नाही सुटला तर ग्राइंडर घ्या. स्टड कापणं ही हार आहे असं मानणारे कारागीर आम्ही पाहतो. त्यांच्या जिद्दीबद्दल आदर आहे, पण फेकायच्या वस्तूसाठी अर्धा दिवस घालवणं गॅरेजला परवडत नाही. फक्त डिस्क बारला लागू देऊ नका. बार स्प्रिंग स्टीलचा असतो, रोज हजारो वेळा पिळला जातो, आणि त्यावरची छोटीशी खाचही पुढे तडा जाण्याची जागा ठरते. ठिणग्या ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर उडतात, तिथे ओला जाड कपडा टाका.

गॅस कटरबद्दल मात्र आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. आपल्या भागात सीएनजी गाड्या भरपूर आहेत, आणि भरलेल्या टाकीतला दाब सुमारे 200 बार असतो. अशा गाडीखाली ज्योत नेऊ नये. स्प्रे मारलेल्या ओल्या नटावर तर मुळीच नको, कारण हे स्प्रे पेट घेतात. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असलेले सॉल्व्हंट असतात; ते तापले की विषारी वायू तयार होतो. शिवाय बार तापला की त्याचा कडकपणा जातो, आणि ते बाहेरून दिसत नाही. उष्णता लागणारच असेल तर इंडक्शन हीटर घ्या. तो मुख्यतः नटच तापवतो, आणि त्यात ज्योत नसते. एका गॅरेजला महाग वाटला तर शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून घ्यावा.

नवी लिंक बसवताना दोन्ही बाजूंची बदला, नट नवे वापरा, आणि शेवटचा आवळा इम्पॅक्ट गनने न देता कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कवर द्या. आट्यांना आधी ग्रीस लावलं तर त्याच टॉर्कला नट जास्त आवळला जातो. म्हणून ग्रीस आवळून झाल्यावर, बाहेर उरलेल्या आट्यांवर लावा. पुढच्या वेळी ती गाडी तुमच्याकडेच येईल.

उरला मजुरीचा प्रश्न. जाम लिंकची मजुरी सुट्या लिंकइतकीच लावली जाते, आणि त्या तोट्याच्या भीतीनेच ज्योत पेटते. गाडी उचलल्यावर, काम सुरू करण्याआधी ग्राहकाला गंज दाखवा. नट सुटला तर एवढे, कापावा लागला तर एवढे, आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या कामात लिंक मोडली तर नव्या लिंकचे इतके, हे तिन्ही आकडे एस्टिमेटवर लिहून त्याची सही घ्या.