साखर चढली नाही, एवढ्यावर खाऊ पास?



मधुमेह नसलेली माणसंही हल्ली दंडावर ग्लुकोजचा सेन्सर लावून फिरू लागली आहेत. केळं खाल्लं आणि रेघ वर गेली, की केळं बंद. वेफर्सनी ती फारशी हलली नाही, की वेफर्स चालतात! खाऊ पारखण्याची ही रीतच चुकीची आहे, आणि आरोग्याच्या सदरांतून तिची भलामण थांबली पाहिजे.

निरोगी माणसाची साखर खाल्ल्यावर वाढते आणि दोन-तीन तासांत पूर्ववत होते. इन्सुलिनचं कामच ते. एखादा पदार्थ साखर किती चढवतो हे सांगणारा ग्लायसेमिक इंडेक्स १९८१ मध्ये टोरोंटोत डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी मांडला, तो मधुमेहींच्या आहारासाठी. पोट किती भरलं, हे तो सांगतच नाही.

ते शोधलं १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी. ३८ पदार्थ, प्रत्येकाच्या २४० कॅलरी, आणि खाल्ल्यावर दोन तास दर पंधरा मिनिटांनी भुकेची विचारपूस. पांढऱ्या पावाला १०० धरलं, तर उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, सगळ्यांत जास्त. ग्लायसेमिक इंडेक्समध्ये हाच बटाटा पाऊणशेच्या पुढे, म्हणून बदनाम! तळलेले वेफर्स मात्र साठच्या आत राहतात, कारण तेलामुळे जठर सावकाश रिकामं होतं. पोटभरीत त्यांना ९१, म्हणजे पावाहूनही कमी.

शेंगदाणे साखर जवळपास चढूच देत नाहीत. तरी पोटभरीत त्यांना ८४च. २४० कॅलरींचे दाणे जेमतेम मूठभर होतात. त्यांनी पोट भरेपर्यंत खायचं म्हटलं तर कॅलरी दुप्पट-तिप्पट होणार. दाणे जरूर खावेत, पण मोजून, आणि सोबत काकडी किंवा पेरू असू द्यावा. मला विचाराल तर चारच्या चहाला फुटाण्यांइतकं चांगलं काही नाही. हरभऱ्यातला स्टार्च हळूहळू पचतो, शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि चावायला वेळ लागत असल्याने बकाबका खाल्ले जात नाहीत. 'शुगर फ्री' बिस्किटांचं तसं नाही. साखर काढली तरी मैदा उरतोच आणि त्याचं शेवटी ग्लुकोजच होतं.

यावर म्हटलं जाईल की, २०२३च्या आयसीएमआर-इंडियॅब पाहणीनुसार देशात १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत, मग सावध राहिलं तर बिघडलं कुठे? सावध राहावंच. त्यासाठी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासून घ्यावं. केळ्यानंतर चढलेल्या रेघेवरून उंबरठा ठरत नाही.

माझी मागणी एवढीच: आपल्या सदरात एखाद्या खाऊला 'साखर न वाढवणारा' म्हणताना तो किती ग्रॅम खायचा, त्यात तेल किती आणि त्यानंतर पुन्हा भूक साधारण कधी लागते, हेही शेजारी छापावं.

— एक वाचक, सातारा