गाणं तिचं, चॅनल कुणाचं?

दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजहून झाडीपट्टीची नाटकं गावोगाव निघतात. त्यांत गाणाऱ्या मुली आता यूट्यूबवरही दिसतात. बरं वाटतं. पण खाली नाव वाचा: अनेकदा मंडळाचं, नाहीतर चित्रीकरण करणाऱ्याचं. गाणारीचं नसतंच! १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास पाहणं झालं, की जाहिरातीतला वाटा मिळू शकतो. तो जातो खातेदाराकडे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा व्यावसायिक वापरासाठी गायिकेलाही रॉयल्टीचा हक्क देतो. पण मागणार कशी, नावच नसेल तर?

सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण भांडलो. मैत्रिणींनो, हे खातंही स्वतःच्या नावे उघडा. पासवर्ड दिराकडे नको. घाणेरडे शेरे येतील म्हणून घरचे अडवतील. शेरे बंद ठेवायची सोय तिथे आहे.