विश्लेषण : ईमेलला कुलूप लावायचे शिक्षण मित्रांच्या घोळक्यातच का व्हावे?

तिवसा असो की दर्यापूर, तालुक्याच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर एक ईमेल पत्ता चिकटवलेला असतोच. आधार, पॅन, सातबारा, पासबुकाचे पहिले पान, मुलीची टीसी, सोनोग्राफीचा रिपोर्ट, जे छापायचे ते त्या पत्त्यावर पाठवायचे. प्रिंट निघते, दहा-वीस रुपये दिले जातात, माणूस कागद घेऊन घरी जातो. ईमेल मात्र दुकानातच राहतो. वर्षानुवर्षांचे असे कागद एकाच खात्यात साठतात आणि त्या खात्याचा पासवर्ड बहुधा दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असतो. छपाईपुरते बोलायचे तर पेन ड्राइव्ह नेला की प्रश्न मिटतो. पण हीच सवय वकिलाला कागद पाठवताना, वार्ताहराला माहिती देताना, नवऱ्याविरुद्धची तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे धाडताना कायम राहते. तिथे पेन ड्राइव्ह कामाचा नाही.

ईमेल एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर असा गुंतवून टाकणे की ज्याच्यासाठी आहे त्यालाच तो उलगडावा, हा पुण्या-मुंबईच्या संगणकवाल्यांचा विषय समजला जातो. माझे मत नेमके उलटे आहे. ही गोष्ट शिकायला, त्याहून महत्त्वाचे म्हणजे टिकवायला, तिवस्यासारखे एकमेकांना तोंडओळखीने जाणणारे गाव अधिक सोयीचे आहे.

साधा ईमेल किती उघडा असतो?

पोस्टकार्डाची उपमा जुनी आहे, पण आता ती अर्धीच लागू पडते. आजच्या मोठ्या ईमेल सेवा एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरकडे मजकूर नेताना त्याला आवरण घालतात. टपालाची थैली रस्त्यात शिवलेली असते असे समजा. मात्र दोन्ही टोकांच्या पोस्टात थैली उघडते आणि आतले कार्ड तिथे वाचता येते. कंपनीच्या हाती ते असते, कंपनीकडे रीतसर मागणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेला ते मिळू शकते आणि तुमचा पासवर्ड ज्याला ठाऊक त्याला तर काहीच करावे लागत नाही.

दोन किल्ल्यांची भानगड काय आहे?

देवळातली दानपेटी आठवा. फटीतून पैसे कोणीही टाकू शकतो, काढू मात्र किल्ली असलेला विश्वस्तच शकतो. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जी कल्पना मांडली, ती ढोबळमानाने हीच. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या. एक सार्वजनिक, ती पेटीच्या फटीसारखी, गावभर वाटली तरी चालते. दुसरी खासगी, ती कोणालाही द्यायची नाही. तुमच्या सार्वजनिक किल्लीने मी मजकूर बंद केला की तो माझा मलाही परत उघडता येत नाही, तुमची खासगी किल्लीच तो उघडते. (प्रत्यक्षात मेलचे सॉफ्टवेअर पाठवणाऱ्यासाठीही एक प्रत बंद करून ठेवते, म्हणून आपण पाठवलेले आपल्याला वाचता येते. हा प्रश्न कोणीतरी विचारतोच.)

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये ‘पीजीपी’ हा प्रोग्राम लोकांना फुकट देऊन हे तंत्र सामान्यांच्या संगणकावर आणले. अमेरिकी सरकारने शस्त्रनिर्यातीच्या कायद्याखाली त्यांची चौकशी केली, ती १९९६ मध्ये सोडून दिली. आज त्याच पद्धतीचे ‘ओपनपीजीपी’ खुले मानक आहे आणि ‘थंडरबर्ड’ या मोफत मेल प्रोग्राममध्ये २०२० पासून ते आतच बसवलेले आहे.

याच जोडीचा दुसरा उपयोग सहीचा. खासगी किल्लीने मी मजकुरावर सही केली की माझी सार्वजनिक किल्ली असलेल्या कोणालाही ती तपासता येते. पुढचा सगळा मुद्दा या सहीभोवती आहे.

एकट्याने शिकता का येत नाही?

तंत्र जुने, फुकट आणि भक्कम. तरी ते वापरणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके का? १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर या दोन संशोधकांनी बारा जणांना पीजीपी दिले, दीड तासाचा वेळ दिला आणि सही केलेला, कुलूपबंद ईमेल पाठवायला सांगितले. ते फक्त चौघांना साधले. तिघांनी तर गुपित तसेच उघड्यावर पाठवून दिले. हे लोक अडाणी नव्हते, ईमेल रोज वापरणारे होते. या अभ्यासाचा निष्कर्ष ‘सॉफ्टवेअर सोपे करा’ असा निघाला आणि तो बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी एक दिसते : त्या बारापैकी प्रत्येक जण संगणकासमोर एकटा बसला होता.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. डिसेंबर २०१२ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी टोपणनावाने पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना ईमेल केला, पीजीपी बसवा म्हणजे बोलता येईल. पायरीपायरीच्या सूचना पाठवल्या, नंतर खास व्हिडीओ करून पाठवला. ग्रीनवाल्ड यांच्याकडून ते झाले नाही. अखेर स्नोडेन यांना लॉरा पॉइट्रस यांच्याकडे जावे लागले, कारण त्यांना एन्क्रिप्शन आधीच वापरता येत होते. शतकातील एक मोठी बातमी केवळ एका माणसाला कंटाळा आला म्हणून हातची जाण्याच्या बेतात होती. गंमत अशी, की त्याच महिन्याच्या ११ तारखेला हेच स्नोडेन हवाईतील होनोलुलूत एका जागी साध्या लोकांना जमवून संगणकाला कुलूप कसे घालावे ते शिकवत होते. तो ‘क्रिप्टोपार्टी’ नावाचा प्रकार होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून सुरू झालेली ही चळवळ म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, ओळखीच्या माणसांनी एकत्र बसून एकमेकांना किल्ल्या करायला शिकवणे.

एन्क्रिप्शन हा टेलिफोनसारखा प्रकार आहे. गावात एकट्याकडेच फोन असेल तर तो लावणार कोणाला? मी किल्ली केली आणि माझ्या वकिलाने केली नाही, तर माझी किल्ली शोभेची. म्हणून शिकणाऱ्यांची तुकडी अशीच निवडावी, ज्यांना एकमेकांशी खरोखर पत्रव्यवहार करायचा आहे. अनोळखी चाळीस जणांना सभागृहात बसवून पडद्यावर स्लाइड दाखवणे म्हणजे चहा-नाश्त्याचा खर्च. मोझरीचा गुरुकुंज याच तालुक्यातला, तेव्हा सामुदायिक या शब्दाचा अर्थ इथे कोणाला समजावून द्यावा लागू नये.

गुप्ततेपेक्षा ओळख महत्त्वाची का?

मित्रांना हे शिकवायला बसले की पहिला प्रश्न हमखास असतो, ‘‘माह्याजवळ लपवाले हाये तरी काय?’’ उत्तर म्हणून पाळत, सरकार, कंपन्या असे मोठे शब्द काढले की ऐकणारा मोबाइल काढतो. त्यापेक्षा विचारावे : तुमच्या नावाने मी तुमच्या भावाला ईमेल पाठवला, तर तो खोटा आहे हे त्याला कशावरून कळेल?

याच तालुक्यात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. तिने कृष्णाला पत्र धाडल्याची कथा इथे लहान पोरालाही ठाऊक असते. त्या कथेकडे एन्क्रिप्शन शिकवणाऱ्याच्या नजरेने पाहा. तिला पत्र लपवायचे होते ते परक्या शत्रूपासून नव्हे, घरातल्याच भावापासून. रुक्मीला शिशुपालाशीच लग्न लावायचे होते. म्हणजे पहिला प्रश्न, कोणापासून लपवायचे? आणि दुसरा कृष्णाच्या बाजूचा : हे पत्र रुक्मिणीचेच, हे कशावरून? तिथे विश्वासू ब्राह्मण स्वतः चालत गेला होता. आपल्या ईमेलसोबत कोणी चालत जात नाही.

ओळखीच्या नावाने आलेल्या ईमेलची किंमत केवढी असू शकते, हे महाराष्ट्राने एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात पाहिले. आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासून ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला. १३ जून २०१६ रोजी वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून आलेल्या संदेशातील फाइल उघडली गेली, तिच्यातून ‘नेटवायर’ नावाचे सॉफ्टवेअर शिरले आणि सुमारे २२ महिने लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही संस्थेने तसेच म्हटले. तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत आणि प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे खरेखोटे न्यायालय ठरवेल. आपल्यापुरता धडा तांत्रिक आहे. एन्क्रिप्शनने अशी फाइल अडत नाही. कुलूपबंद पाकिटातूनही विंचू पाठवता येतो. मात्र मित्रमंडळीत प्रत्येक ईमेलवर सही करण्याची सवय असेल, तर एखाद्या दिवशी बिनसहीची फाइल आली की हात थांबतो, फोन करून विचारले जाते. मित्राचा संगणकच ताब्यात गेला असेल तर सहीही चोरली जाऊ शकते, हे सांगून ठेवलेच पाहिजे. पण चोराने फक्त पासवर्ड मिळवला असेल, आणि बहुतेक वेळा तेवढेच घडते, तर तो सहीपाशी अडतो.

यात एक कच्चा दुवा राहतो. ‘ही माझी सार्वजनिक किल्ली’ असे सांगणारा ईमेलच खोटा असला तर? यावर सॉफ्टवेअरकडे पक्के उत्तर नाही, माणसांकडे आहे. प्रत्येक किल्लीचा चाळीस अक्षर-अंकांचा एक ठसा असतो. समोरासमोर बसून, चार-चारच्या दहा गटांत तो एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने आपल्या पडद्यावर जुळवायचा. काम कंटाळवाणे आहे, हसू येते, कोणीतरी तंबोला खेळल्यासारखे ओरडतो. पण कार्यशाळेतला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास हाच. महानगरात यासाठी लोक ओळखपत्र मागतात. तिवस्यात समोर बसलेला कोण, कोणाचा, कोणत्या वॉर्डातला, हे आधीच माहीत असते.

व्हॉट्सअ‍ॅप आहे की?

आहे, आणि गप्पांसाठी ते पुरेसे आहे, हे मान्य करायला कमीपणा नको. एप्रिल २०१६ पासून त्यावरचे संदेश टोकापासून टोकापर्यंत बंदिस्त असतात. पण ते एका कंपनीचे आणि मोबाइल क्रमांकाला बांधलेले. कचेरी, कोर्ट, विद्यापीठ, बँक यांचा व्यवहार ईमेलवरच चालतो आणि ईमेल कोणा एकाच्या मालकीचा नाही. शिवाय ठसा जुळवणे व्हॉट्सअ‍ॅपवरही आहेच, प्रत्येक संभाषणाचा साठ अंकी सुरक्षा क्रमांक असतो. तो तपासणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. ईमेलची किल्ली एकदा हाताने केलेल्या माणसाला तो क्रमांक कशासाठी आहे हे लगेच कळते. फोनच पोखरला गेला तर मात्र कोणतेही कुलूप कामाचे नाही. २०१९ मध्ये ‘पेगॅसस’ने लक्ष्य केलेल्या भारतीयांत नागपुरातील वकिलाचाही समावेश असल्याचे समोर आले, ते याच मार्गाने.

कायदा आड येतो का?

नागरिकाने आपला ईमेल एन्क्रिप्ट करण्यावर बंदी नाही. केंद्राने सप्टेंबर २०१५ मध्ये एक मसुदा आणला होता, त्यात एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवण्याची सक्ती होती. ओरड झाली आणि तो मागे घेतला गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. दुसऱ्या बाजूला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आहे. त्याखाली सरकार मजकूर उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते, न ऐकल्यास सात वर्षांपर्यंत कैद. शिकवणाऱ्याने हे सुरुवातीलाच सांगावे, शेवटच्या पाच मिनिटांत नव्हे.

तिवस्यात कार्यशाळा घ्यायची तर?

दहा-बारा जण पुरेत : एखादा वकील, दोन वार्ताहर, माहिती अधिकाराचे अर्ज टाकणारा, आशाताई, शिक्षक, सेवा केंद्र चालवणारा. पेरणीचे आणि सोयाबीन काढणीचे दिवस सोडून दोन रविवार. जागा अभ्यासिकेची किंवा शाळेच्या संगणक खोलीची चालेल, पण तिथल्या संगणकावर कोणाची किल्ली तयार करायची नाही. सामाईक यंत्रावर बनलेली खासगी किल्ली खासगी उरत नाही. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी थंडरबर्ड घ्यावे. बाकीच्यांची, म्हणजे बहुतेकांची, गाडी मोबाइलवरच चालते. अँड्रॉइडवर ‘ओपनकीचेन’ आणि ‘के-नाइन मेल’ ही जोडी चालते, थोडी कुरकुरत.

पहिल्या रविवारी फक्त किल्ली आणि तिचा परवलीचा वाक्यांश. वाक्यांश म्हणजे कुलदैवत आणि जन्मसाल नव्हे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत. पऱ्हाटी, कंदील, मालगाडी असे काही, अर्थात इथे छापले गेलेले सोडून. तो विसरला तर जुने ईमेल कायमचे बंद. त्याला ‘पासवर्ड विसरलात?’चे बटण नाही आणि कोणती कंपनीही मदतीला येत नाही. म्हणून एका कागदावर लिहून घरच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्यापाशी ठेवायला मी सांगतो. सुरक्षातज्ज्ञ नाक मुरडतील. पण आपल्याला ज्यांच्यापासून जपायचे आहे ते कपाटापर्यंत पोचणारे नसतील, तर कागद चांगला. ज्या बाईला घरातल्याच माणसापासून जपायचे आहे, तिचा कागद मात्र मैत्रिणीकडे. सोबत किल्लीची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि किल्ली रद्द करण्याचे प्रमाणपत्रही काढून ठेवलेले.

कोणी, कोणाला, कधी लिहिले हे झाकले जात नाही आणि विषयाची ओळही पुष्कळदा उघडीच जाते, हेही पहिल्याच दिवशी दाखवावे. ‘जमीन घोटाळ्याची कागदपत्रे’ असा विषय टाकून आतला मजकूर बंद करणारा भिडू प्रत्येक तुकडीत निघतो.

मधल्या आठवड्यात प्रत्येकाने दुसऱ्या दोघांना बंद पाकीट पाठवायचे, विषय काहीही. दुसऱ्या रविवारी कोणाचे अडले ते बघायचे आणि मग ठसे जुळवायला बसायचे. ठसे आधीच कागदावर उतरवून आणायला सांगावे, म्हणजे मध्येच लाइन गेली तरी खोळंबा होत नाही.