क्यूआर स्कॅन केला अन् लगेच फोन आला. हे होते कसे?

क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देणे धर्माबादेतही आता अंगवळणी पडले आहे. त्याच चौकोनामागे कधी फॉर्म निघतो: प्लॉटचा, क्लासचा, नव्या दुचाकीचा. नाव-नंबर भरून आपण पुढे जातो आणि बाजारातून घरी पोहोचायच्या आत फोन वाजतो. नंबर दिला कुणी? आपणच.

कोड स्वतः काही पाठवत नाही; त्यात फक्त फॉर्मचा पत्ता असतो. ‘सबमिट’ दाबताच माहिती ‘सीआरएम’ या ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जाते. तिथे तुमची ‘लीड’ बनते आणि सेल्समनच्या मोबाइलवर सूचना येते. पूर्वी वहीत लिहिलेला नंबर बहुधा वहीतच राहायचा. दुकानदाराची सोय झाली, हे खरेच.

प्रश्न संमतीचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती कशासाठी हवी, हे आधी सांगावे लागेल. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र संमतीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तेलंगणाच्या सीमेवरील धर्माबादसाठी महत्त्वाचे म्हणजे, ही सूचना मराठी किंवा तेलुगूतही वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. इंग्रजीतली बारीक ओळ तेवढ्यावर भागणार नाही.

फॉर्म लावणाऱ्यांनी एक तपासावे. नाव आणि नंबरचे रकाने सीआरएमला जोडले जातात, संमतीचा रकाना मात्र जोडायचा राहतो. मग ‘फोन नको’ म्हणणाऱ्यालाही फोन जातो.