फिरायचे, पण कोठे?

मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या रुग्णाला औषधे लिहून दिल्यावर चिठ्ठीच्या शेवटी आपण डॉक्टर मंडळी एक ओळ हमखास लिहितो : 'रोज अर्धा-पाऊण तास फिरावे.' लिहायला ही ओळ सर्वांत सोपी आणि पाळायला सर्वांत अवघड. आपल्या जोयडा तालुक्यात तर ती विशेष अवघड आहे. चहूकडे अरण्य असलेल्या तालुक्यात फिरायला जागा नाही, असे म्हटले तर परगावचा पाहुणा हसेल. परंतु वस्तुस्थिती तशीच आहे आणि तिचा विचार आपणच केला पाहिजे.

आपल्याकडील मागच्या पिढीतील कुणबी स्त्री-पुरुषांना व्यायाम हा शब्द वापरण्याची गरज पडली नाही. शेत, रान, ओहोळ, बाजार, सोयऱ्यांचे गाव ही सारी अंतरे पायांनीच कापली जात. आज गावोगावी दुचाकी आली, मुले शिकून कचेरीत व दुकानात बसू लागली. याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र कष्ट गेले तरी शरीराची गरज गेलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून जास्त आहे.

मग रानात फिरावे काय? दांडेली-अणशीचे अरण्य २००७ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. ते राखलेच पाहिजे. पण पहाटेच्या अंधारात अस्वलाच्या वाटेवर धावायला जा, असे कोणताही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. मोठ्या रस्त्यावर पदपथ नाही आणि वळणावर गाडी कधी येईल याचा नेम नाही. शिवाय जुन्या मधुमेह्याच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतला, खडा टोचला तरी त्याला कळत नाही आणि महिन्याने जखम घेऊन तो आपल्याकडे येतो. अशा माणसाला रानवाट दाखवणे म्हणजे उपचारातून नवा आजार देणे होय.

म्हणून मला सपाट, फरसबंदी केलेल्या, गोल फिरून मूळ जागी येणाऱ्या वाटेचे महत्त्व वाटते. अशा वाटेवर दम लागला की थांबता येते. घर कधीच दूर राहत नाही. फेऱ्या मोजता येतात, त्यामुळे 'आज चार, पुढच्या आठवड्यात पाच' असा औषधासारखा डोस ठरवता येतो. आणि चार ओळखीची माणसे सतत समोरून येत असल्याने स्त्रियांना व वृद्धांना निर्धास्त वाटते.

मुंबईच्या शिवाजी पार्कचे उदाहरण आपणां सर्वांना ठाऊक आहे. १९२५ साली लोकांना खुले झालेल्या या मैदानाला १९२७ साली शिवछत्रपतींचे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेथे गाजल्या, आचरेकर सरांचे शिष्य तेथे घडले. त्या मैदानाभोवतीचा कट्टा आणि सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरची फेरी यांवर पिढ्यान्‌पिढ्या दादरकर चालत आणि धावत आले आहेत. जागेला इतिहास असला की माणूस तेथे केवळ व्यायामासाठी जात नाही. आपल्या गावाला भेटायला जातो. व्यायाम टिकतो तो अशा ओढीने.

आपल्याजवळ इतिहास नाही काय? काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे सुपा हे आपल्या तालुक्याचे मूळ ठाणे. १९७४ साली धरणाचे काम सुरू झाले, १९८७ पर्यंत १०१ मीटर उंचीची भिंत उभी राहिली आणि सुपा जलाशयात गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, अनेक कुटुंबे रामनगरला वसली. धरणाची वीज राज्यभर गेली. पण बुडालेल्या गावाची आठवण जपणारी, रोज जाता येईल अशी जागा आपल्या नातवंडांना असायला हवी. जोयड्यात व रामनगरात अर्ध्या किलोमीटरची एकेक फेरी आखावी, कडेने सुप्याच्या पेठेची, देवळांची, संगमाची माहिती सांगणारे फलक लावावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

बांधताना काही गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडच्या पावसात गुळगुळीत फरशीवर शेवाळ धरते. ती खडबडीत असावी व पाण्याला उतार असावा. धावणाऱ्यांच्या गुडघ्यांसाठी लगत मातीचा पट्टा ठेवावा. बसायला कट्टे आणि पहाटे-संध्याकाळी दिवे हवेत. झाडे मात्र तोडू नयेत.

कोणी म्हणेल, दवाखान्यात औषधे पुरी पडत नाहीत, तेथे ही चैन कशाला? त्यांना मी १९५३ सालच्या लंडनची आठवण देईन. डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास केला, तेव्हा दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे श्रम सांगितले आहेत. यासाठी औषध लागत नाही, जागा लागते.

धावण्याविषयी सावधगिरी हवीच. चाळिशीनंतर, छातीत दुखत असल्यास वा साखर अनियंत्रित असल्यास तपासणी केल्याखेरीज धावू नये. आधी महिनाभर चालावे. मग सोबत्याशी बोलता येईल इतक्याच गतीने धावावे.

आपल्या संस्थेने या मागणीचे निवेदन तालुका पंचायतीकडे व आमदारांकडे द्यावे आणि वाट झाल्यावर आपण डॉक्टरांनीच तिच्यावर आधी उतरावे. तोवर चिठ्ठीवरची ती ओळ अर्धवटच राहणार आहे.