मैलामागे एक माणूस: कोणता माणूस?

लेडो रस्त्यावर लिहिणारे बहुतेक लेखक 'मैलामागे एक माणूस' या वाक्प्रयोगापाशी पोचले की गहिवरतात. आसामातील लेडोहून निघून पांगसाउ खिंडीतून उत्तर ब्रह्मदेशात उतरणारा आणि जुन्या बर्मा रोडला मिळून चीनमधील कुनमिंग गाठणारा हा युद्धकालीन पुरवठामार्ग सुमारे १,०७९ मैलांचा. तो बांधताना अकराशेहून अधिक अमेरिकी मेले. भागाकार जुळतो. पण या भागाकाराच्या अंशस्थानी फक्त अमेरिकी मृतदेह आहेत. कामावर असलेल्या सुमारे ३५,००० आशियाई मजुरांपैकी किती दगावले, याची इतकी नेटकी नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. ज्याला आपण शोकगीत समजतो, ती मुळात एका सैन्याची हजेरीवही आहे.

नावाचेही तेच. हा 'स्टिलवेल रोड'. जनरल स्टिलवेल यांना चँग कै-शेक यांच्याच हट्टापायी ऑक्टोबर १९४४ मध्ये परत बोलावण्यात आले. जानेवारी १९४५ मध्ये पहिला ताफा लेडोहून निघाला तेव्हा ते आशियातच नव्हते. आणि रस्त्याला त्यांचे नाव दिले ते त्याच चँग यांनी! डोंगर फोडणाऱ्या सुमारे १५,००० अमेरिकी सैनिकांत साठ टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णी होते, गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या तुकड्यांतले. हा भेद संपवण्याचा अध्यक्षीय आदेश निघायला १९४८ साल उजाडावे लागले. 'स्टिलवेलने रस्ता बांधला' या वाक्यातला कर्ता व्याकरणाने बरोबर असेल. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तो निमूट स्वीकारावा, हे मात्र मला पटत नाही.

या कथनातला दुसरा नायक म्हणजे 'निर्मनुष्य अरण्य'. निर्मनुष्य? तिथे नागा, सिंगफो, काचिन राहत होते. शिवाय १९४२ मध्ये जपानी फौजांपुढून पळालेले हजारो निर्वासित, त्यांत बहुसंख्य भारतीय, याच हुकाँग खोऱ्यातून भर पावसात पायी आले. भूक, मलेरिया आणि हगवण यांनी वाटेत कितीतरी संपले. त्याच वाटेच्या आसपास पुढे बुलडोझर फिरले. आपल्या मराठी मनातला ब्रह्मदेश मंडालेच्या तुरुंगात, 'गीतारहस्या'पाशी, १९१४ ला संपतो. त्यामुळे ही पायपीट आपल्याला ऐकूही येत नाही. असो.

'पण या रस्त्याने चीनला तारले,' असे उत्तर मिळते. जुलै १९४५ मध्ये हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमानांनी सुमारे ७१,००० टन माल चीनला पोचवला. रस्त्याने सुमारे ६,००० टन. काम संपेपर्यंत त्याची गरजच उरणार नाही, अशी शंका चर्चिल यांनी आधीच घेतली होती. रस्त्यालगतची इंधनवाहिनी उपयोगी पडली, हे मान्य. ऑगस्ट १९४४ मध्ये मिचिना हाती आल्यावर विमानांनाही कमी उंचीचा, सोपा मार्ग मिळाला, हेही मान्य. पण त्या विजयाचे श्रेय लढणाऱ्या चिनी, अमेरिकी आणि काचिन सैनिकांचे आहे. ते रस्त्याच्या खात्यावर जमा करणे ही हिशेबातली लबाडी होय.

युद्ध संपताच अमेरिकेने हा रस्ता सोडून दिला आणि ब्रह्मदेशातील त्याचे मोठमोठे पट्टे रानाने परत घेतले. अभियांत्रिकीची महागाथा म्हणून ग्रंथांतून तो तेवढा अखंड वाहतो आहे, आणि विद्यार्थ्यांना आपण अजून तीच गाथा शिकवतो.